वाचकांचे प्रश्न : जुना पंखा नेमका किती जुना?

गेल्या अंकात माळ्यावर पडलेल्या जुन्या विजेच्या पंख्यांबद्दल विचारा, असं म्हटलं होतं. सर्वांत जास्त पत्रं कोकणपट्टीतून आली. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं देत आहोत.

प्रश्न (वेंगुर्ला) : घरात आजोबांच्या वेळचा टेबल फॅन आहे. पाती आणि जाळी पितळेची, बुड बिडाचं, मान फिरते. मागच्या पट्टीवर ‘जी.ई.सी.’, ‘मॅग्नेट’, ‘मेड इन इंग्लंड’ आणि ‘२२० व्होल्ट ५० ~’ एवढं वाचता येतं. विकत मागणारा म्हणतो, कंपनी अमेरिकन आणि पंखा १९०० सालचा. खरं काय?

उत्तर : दोन्ही चूक. अमेरिकेची जनरल इलेक्ट्रिक १८९२ साली स्थापन झाली. तिच्या बिल्ल्यावर गोलात गुंफलेली जी आणि ई ही दोनच अक्षरं असतात. जी.ई.सी. म्हणजे ब्रिटिश जनरल इलेक्ट्रिक कंपनी. ती वेगळ्या मालकांची, वेगळ्या कारखान्यांची, आणि ‘मॅग्नेट’ हा तिचाच छाप. नावं सारखी असल्यामुळे बाजारात हा घोळ कायम चालतो आणि अमेरिकन पंख्याचा भाव ब्रिटिश पंख्याला सांगितला जातो. एकाचे सुटे भाग दुसऱ्याला बसत नाहीत, हे विकत घेणाऱ्यानं आधी लक्षात घ्यावं.

आता वय. ‘कुठल्या सालचा’ हा प्रश्न बाजूला ठेवा. ‘कुठल्या सालाच्या आधीचा नक्की नाही’ आणि ‘कुठल्या सालानंतरचा बहुधा नाही’ या दोन कडा शोधा. पंख्याचं वय त्या दोन कडांच्या मध्ये असतं, आणि प्रत्येक भाग आपापली कड सांगतो.

आधी लोहचुंबक घ्या. पाती, जाळीची प्रत्येक कडी आणि मधला बिल्ला यांना लावून बघा. चुंबक चिकटला तर तो भाग लोखंडाचा, वर पितळेचा मुलामा. पाती पितळेची आणि जाळी मुलाम्याची असं निघालं तर जाळी मागून बदललेली असू शकते. पण लगेच नाक मुरडू नका. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास पितळ महागलं, तेव्हा काही कंपन्यांनीच पितळी पाती आणि लोखंडी जाळी असा मेळ घातला. नुसत्या पितळेवरून फार जुना काळ धरायचाही नाही, कारण पितळी पात्यांचे पंखे १९२० च्या दशकातही निघत होते.

मग स्विचची मूठ बघा. ती चिनीमातीची की काळ्या-तपकिरी बॅकेलाइटची? बॅकेलाइटचा शोध १९०७ चा, पेटंट १९०९ चं. बॅकेलाइटची मूठ मूळची असेल तर पंखा १९१० च्या आधीचा नाही. मूळची आहे का, हे भोकावरून कळतं. मूळ भोकाच्या आतल्या कडेवरही पंख्याचा रंग लागलेला असतो. मागून कानशीनं मोठं केलेलं भोक आतून चकचकीत दिसतं.

तिसरी खूण मानेची. सुरुवातीचे टेबल फॅन स्थिर असत. नंतर वाऱ्याच्या जोरावर ढकलल्या जाणाऱ्या पत्र्याच्या पंखानं मान फिरवणारे आले आणि साधारण १९१० पासून मागच्या डबीतल्या गिअरनं मान फिरवणारे रुळले. तुमच्या पंख्याला मागे गिअरची डबी असणार. शेवटी पात्यांचा आकार. अरुंद, एकमेकांपासून सुटी, टोकाला गोल पाती जुनी. रुंद, एकमेकांवर चढणारी, आवाज कमी करणारी पाती १९३० च्या दशकात लोकप्रिय झाली.

‘५० ~’ मधली लाट म्हणजे सेकंदाला ५० फेरे, अर्थात हा ए.सी., म्हणजे सारखी दिशा बदलणाऱ्या विजेवरचा, पंखा. बॅकेलाइटची मूठ मूळची आणि मागे गिअरची डबी असेल तर १९०० चा प्रश्नच मिटला. पाती अरुंद असतील तर १९१० चं दशक किंवा १९२० चं, रुंद असतील तर १९३० चं, असं धरा. याहून बारीक साल फक्त कंपनीच्या त्या वर्षीच्या कॅटलॉगातलं चित्र सांगू शकतं.

प्रश्न (दापोली) : गिरगावच्या चाळीतली खोली सोडताना छताचा पंखा गावी आणला. पट्टीवर ‘क्रॉम्प्टन पार्किन्सन’ आहे. साल कसं काढायचं?

उत्तर : कंपनीचं नावच इथे अर्धं काम करतं. क्रॉम्प्टन आणि पार्किन्सन या दोन ब्रिटिश कंपन्या १९२७ मध्ये एकत्र आल्या, म्हणजे त्याआधीचा पंखा या नावाचा असूच शकत नाही. मुंबईत त्यांचा कारखाना १९३७ मध्ये सुरू झाला. पट्टीवर ‘मेड इन इंडिया’ असेल तर खालची कड दहा वर्षं वर सरकते. १९६६ पासून इथल्या कंपनीचं नाव क्रॉम्प्टन ग्रीव्ह्ज झालं, ती वरची कड.

आत आणखी चाळा. पात्यांचा फेर ‘५६ इंच’ लिहिलाय की ‘१४०० मि.मी.’? मेट्रिक मापांचा कायदा १९५६ चा. मापं सक्तीची होईपर्यंत १९६० चं दशक उजाडलं. बोलताना लोक आजही छप्पन्न इंचीच म्हणतात, म्हणून कुणी काय सांगितलं ते सोडा, पट्टीवर काय कोरलंय ते बघा. विजेच्या फेऱ्यांना ‘सायकल्स’ किंवा ‘सी/एस’ लिहिणं जुनं, ‘हर्ट्झ’ १९६० नंतर हळूहळू आलं. आय.एस.आय.चा शिक्का आणि त्यावर ‘आय.एस. ३७४’ असेल तर पंखा १९५२ च्या प्रमाणन कायद्यानंतरचा. ३७४ हा छताच्या पंख्याचा क्रमांक, टेबल फॅनचा ५५५.

खोकं किंवा हमीचा कागद जपला असेल तर पत्ता वाचा. ‘मुंबई १८’ असा दोन आकडी विभाग असेल तर तो बहुधा पिनकोडच्या आधीचा. ‘४०० ०१८’ असेल तर नक्की १५ ऑगस्ट १९७२ नंतरचा, कारण पिनकोड त्या दिवशी सुरू झाला. किंमत आण्यांत असेल तर १९५७ च्या अलीकडे येऊच नका. मात्र कागद त्याच पंख्याचा आहे ना, हे अनुक्रमांक जुळवून बघा. चाळीतल्या खोलीत तीन पंखे आणि एकच हमीपत्र, असं सर्रास असतं.

प्रश्न (गुहागर) : अमेरिकन पंख्याच्या पट्टीवर पेटंटच्या सहा तारखा आहेत, शेवटची १९११ ची. म्हणजे पंखा १९११ चा ना?

उत्तर : नाही. १९११ च्या आधीचा नाही, एवढंच. एकच पट्टी कंपन्या बरीच वर्षं छापून लावत. दुसरं म्हणजे व्होल्ट आणि फेरे बघा. ११० व्होल्ट आणि ६० फेरे असेल तर तो अमेरिकेतल्या विजेसाठी केलेला आहे. इथल्या प्लगला थेट लावला तर जळेल. ‘१३३’ फेरे असं दिसलं तर पंखा फारच सुरुवातीच्या काळातला, आणि तो चालवायचा विचारही करू नका.

प्रश्न (मालवण) : मुंबईच्या चोर बाजारातून ‘अँटिक ब्रास फॅन’ घेतला. घरी आल्यावर शंका येतेय. नवा माल ओळखायचा कसा?

उत्तर : पंखा उलटा करा. नकली माल समोरून जुना आणि बुडाखालून नवा असतो.

बुडाखालचे स्क्रू फुलीच्या खाचेचे असतील तर ते १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धाआधीचे नाहीत. त्याआधी सरळ खाच. एखादा स्क्रू बदललेला चालतो, सगळेच फुलीचे असतील तर प्रश्न आहे. पाना लावून बघा : जुन्या ब्रिटिश पंख्याच्या नटाला मिलिमीटरचा पाना नीट बसत नाही, एक तर घट्ट जातो किंवा सैल फिरतो. दहा मिलिमीटरचा पाना सगळीकडे चपखल बसला की समजा.

मग वायर. जुन्या पंख्यात रबरावर सुती वेणी असते आणि रबर कडक होऊन चुरा पडतो. पी.व्ही.सी. वायर दिसली म्हणून पंखा नकली ठरत नाही. वायर बदलणं शहाणपणाचंच असतं. पण आत मोटारीच्या कॉइलपाशी सुती टेपचा मागमूसही नसेल, प्लास्टिकचा पांढरा कंडेन्सर असेल आणि मोटार आजच्या मिक्सरसारखी असेल, तर वरचं पितळ तेवढं ‘अँटिक’. बिल्ल्यावरची अक्षरंही तपासा. मूळ बिल्ला ठशानं दाबलेला किंवा आम्लानं कोरलेला असतो, कडा तीक्ष्ण. जुन्या बिल्ल्यावरून साचा घेऊन ओतलेल्या बिल्ल्याच्या कडा गोलसर, अक्षरांच्या पोटात बारीक भोकं.

झीज योग्य जागी आहे का, हा आमच्या मते सर्वांत भरवशाचा कस. मान फिरवणारी दांडी, उचलायची कडी, स्विचची मूठ, बुडाखालचं नमद्याचं कापड : हात लागतो तिथेच झिजलं पाहिजे. सगळीकडे सारखी काळपट झाक म्हणजे रसायन लावलंय.

प्रश्न (रत्नागिरी) : जहाजाच्या भंगारातला केबिनचा पंखा मिळाला. ‘११० व्होल्ट डी.सी.’ लिहिलंय. घरी चालेल?

उत्तर : डी.सी. म्हणजे एकाच दिशेनं वाहणारी वीज, घरची वीज ए.सी. घरच्या विजेवर थेट लावाल तर कॉइल जाईल. २३० व्होल्टचे १२० करणारा, दोन्ही कॉइल वेगळ्या असलेला ट्रान्सफॉर्मर घ्या आणि त्याच्यापुढे ए.सी.चं डी.सी. करणारा ब्रिज रेक्टिफायर, ६०० व्होल्ट ५ अँपिअरचा. यातून साधारण १०८ व्होल्ट मिळतात. मेकॅनिक ‘वीज सपाट करतो’ म्हणून कंडेन्सर लावायला बघेल. लावू देऊ नका. मग तोच आकडा १७० च्या आसपास चढतो. एक अँपिअरचा फ्यूज ठेवा.

त्याआधी कार्बन, म्हणजे फिरत्या भागाला घासून वीज पोचवणारे तुकडे, काढून बघा. एका बाजूनं तिरके झिजले असतील किंवा स्प्रिंग दाबत नसेल तर ठिणग्या उडतात. कम्युटेटर, म्हणजे कार्बन ज्यावर घासतात तो तांब्याच्या पट्ट्यांचा गोल, अगदी बारीक काचकागदानं पुसा. एमरी कागद नको, त्याची वीजवाहक पूड खाचांत अडकून शॉर्ट करते.

प्रश्न (देवगड) : आमच्याकडे रॉकेलवर चालणारा पंखा आहे, खाली दिवा आणि वर पाती. असा पंखा खरंच असतो?

उत्तर : असतो. गावात वीज नव्हती तेव्हाची ती सोय. रॉबर्ट स्टर्लिंगनं १८१६ मध्ये काढलेल्या तत्त्वावर तो चालतो. खालची हवा तापून फुगते, वर थंड होऊन आकसते, त्यावर दट्ट्या हलतो. पाती पहिल्यांदा हातानंच फिरवावी लागतात. याच्याही नव्या नकला भरपूर आहेत. खऱ्यात सिलिंडरचं बूड उष्णतेनं पापुद्रे धरलेलं असतं आणि दट्ट्याच्या खिळ्या लंबगोल झिजलेल्या असतात. लावलात तर उघड्या पडवीत. बंद खोलीत कार्बन मोनॉक्साइड साठतो. आणि कुणी विजेची मोटार बसवून देतो म्हणाला तर त्याला चहा पाजून परत पाठवा.

प्रश्न (श्रीवर्धन) : पितळ हिरवं पडलंय. चिंचेनं घासलं तर चालेल? आणि मृगानंतर पंखा लावला की बुडाला हात लावताच मुंग्या येतात.

उत्तर : मुंग्या येतात तो पंखा आजपासून बंद. पितळेचं नंतर पाहू.

खारी हवा आणि पावसाळ्यातली ओल कॉइलच्या सुती आवरणात मुरते आणि वीज बिडाच्या अंगावर उतरते. पंखा खोक्यात घालून आत ६० वॉटचा साधा, तापणाऱ्या तारेचा दिवा दिवसभर ठेवा, कापड आणि कागद दिव्यापासून लांब. मग वायरमनकडून ५०० व्होल्टच्या मेगरनं कॉइल आणि अंग यांच्यामधला रोध मोजून घ्या. एक मेगओहमच्या खाली असेल तर कॉइल पुन्हा भरणं आलं. वर असेल तर पहिल्यांदा १०० वॉटचा तसाच तारेचा दिवा सिरीजमध्ये जोडून वीज द्या : दिवा पूर्ण पेटला तर शॉर्ट, अजिबात नाही तर तार तुटलेली, मिणमिणला आणि पंखा हळू फिरला तर ठीक. बुडाला अर्थिंगची तिसरी तार जोडून घ्याच. मूळ पंख्यात ती नसते, आणि तिनं पंख्याची किंमत कमी होत नाही.

चिंच किंवा आमसुलाचं पाणी पात्यांना चालेल, पण पाती काढून, आणि लगेच साबणाच्या पाण्यानं धुऊन पूर्ण कोरडी करून. आंबट राहिलं तर आठवड्यात पुन्हा हिरवं. घासल्यावर गुलाबी डाग उरले तर तिथलं जस्त निघून गेलंय आणि पातं कमकुवत झालंय. ते वेगानं फिरवू नका. नावाच्या पट्टीला मात्र आंबट काही लावायचं नाही. अक्षरांतला काळा रंग गेला की वाचायची सोय गेली. पुसट अक्षरं वाचायला अंधारात बॅटरी अगदी आडवी धरा, किंवा पातळ कागद ठेवून मऊ पेन्सिल फिरवा.

गिअरच्या डबीचं झाकण फुगून चिरलं असेल तर ते जस्ताच्या मिश्रधातूचं आहे. धातूत शिसं मिसळलेलं राहिलं की तो दमट हवेत आतून फुटतो. वेल्डिंग धरत नाही. तुकडे फेकू नका, त्यांच्या मापावरून पितळेत नवं ओतून घ्या. बुशमध्ये, म्हणजे मोटारीचा दांडा फिरतो त्या नळीत, २० नंबरचं साधं तेल दोन-तीन थेंब. खोबरेल नको, थंडीत थिजतं आणि नंतर चिकट होऊन बुश धरून ठेवतं. जुना रंग कोरडा खरवडू नका, त्यात शिसं असण्याची शक्यता मोठी. ओल्या कागदानं घासा आणि पोरांना लांब ठेवा.