थायरॉईडच्या ऑपरेशननंतर बोटांना मुंग्या? कॅल्शियम तपासा, थांबू नका

प्रश्न : मॅडम नमस्कार, आम्ही मानेवाडा रोडला राहतो. आईचं थायरॉईडचं ऑपरेशन झालं, गाठ मोठी होती म्हणून पूर्णच काढलं. घरी आल्यापासून तिच्या ओठाभोवती अन बोटांना मुंग्या येतात, परवा रात्री तर दोन्ही हात आखडून वाकडे झाले, काकू म्हणे लकवा आहे. दवाखान्यात फोन केला तर म्हणे अशक्तपणा आहे, आराम करू द्या. आवाजही बसलाय, भजनी मंडळात गाते ती, रोज रडते. थायरॉईडची अन कॅल्शियमची गोळी सकाळी चहासोबत एकदमच देतो, चालते ना?
- एक वाचक, नागपूर

उत्तर : ताई, तुमचं पत्र वाचल्याबरोबर तुम्हाला फोन केला होता, पण अशाच तक्रारी घेऊन कितीतरी जणी येतात म्हणून सगळ्यांसाठी इथे लिहिते.

तो लकवा नाही. लकव्यात बहुतेक वेळा एक बाजू लुळी पडते. इथे दोन्ही हात ताठ होतात, अंगठा तळव्याकडे ओढला जातो, बोटं सरळ राहून टोकाशी जुळतात अन मनगट आत वाकतं. बीपीचा पट्टा आवळल्यावरही हात असाच होत असेल तर कॅल्शियम घसरल्याची दाट शंका घ्यायची.

असं का होतं, तर थायरॉईडच्या मागे चिकटून पॅराथायरॉईड नावाच्या साधारण चार ग्रंथी असतात, मसुराच्या दाण्याएवढ्या, अन रक्तातलं कॅल्शियम त्याच सांभाळतात. सर्जनने कितीही जपून केलं तरी पूर्ण थायरॉईड काढताना त्यांचा रक्तपुरवठा दुखावू शकतो, कधी एखादी ग्रंथी सोबत निघूनही जाते. मग दोन-तीन दिवसांत कॅल्शियम खाली येतं, अन नेमकी तेव्हाच सुट्टी होऊन पेशंट घरी आलेला असतो. म्हणून मुंग्यांना 'अशक्तपणा' म्हणून वाटेला लावलेलं मला अजिबात पटत नाही. त्याच दिवशी सीरम कॅल्शियम, अल्ब्युमिन (रक्तातलं एक प्रथिन), मॅग्नेशियम अन पीटीएच (पॅराथायरॉईडचं हार्मोन) तपासायला हवं. हात आखडले, घसा आवळल्यासारखा झाला किंवा झटका (फिट) आला तर रात्रीचे २ वाजले असोत, मेडिकल कॉलेज, मेयो हॉस्पिटल, मिहानचं एम्स, जे जवळ पडेल तिथली इमर्जन्सी गाठा, डिस्चार्जचा कागद सोबत न्या. तिथे शिरेतून कॅल्शियम ग्लुकोनेट देतात, हळूहळू, ईसीजीवर लक्ष ठेवून.

बहुतेकांच्या या ग्रंथी काही आठवड्यांत, फार तर काही महिन्यांत पुन्हा कामाला लागतात. तोवर कॅल्शियम अन कॅल्सिट्रिऑल (ड जीवनसत्त्वाचं सक्रिय रूप) चालू ठेवायचं, बरं वाटलं म्हणून मनाने बंद करायचं नाही अन वाढवायचंही नाही, जास्त झालं तर किडनीला त्रास होतो.

आता गोळ्या. एकत्र बिलकुल नका देऊ. कॅल्शियममुळे थायरॉक्सिन, म्हणजे थायरॉईडची गोळी, आतड्यातून नीट शोषलंच जात नाही. थायरॉक्सिन उठल्या-उठल्या रिकाम्या पोटी नुसत्या पाण्यासोबत द्या, मग अर्धा-पाऊण तास चहाही नाही. कॅल्शियम त्यानंतर किमान ४ तासांनी, अन ती गोळी कॅल्शियम कार्बोनेटची असेल तर जेवणासोबतच. आई रोज गॅसची गोळी घेत असेल तर तेही डॉक्टरांना सांगा, कारण पोटातलं आम्ल कमी झालं की कार्बोनेट नीट लागू पडत नाही, मग कॅल्शियम सायट्रेट देता येतं. टीएसएच, म्हणजे थायरॉक्सिनचा डोस बरोबर आहे का ते सांगणारी रक्ततपासणी, ६ ते ८ आठवड्यांनी करा.

राहिला आवाज. भुलीच्या वेळी घशात नळी घालतात, त्याने काही दिवस आवाज बसतोच. पण आवाजाची नस थायरॉईडच्या मागून अगदी लगटून जाते, ती ओढली गेली तर घोगरेपणा लवकर जात नाही, पाणी पिताना ठसका लागतो. म्हणून कान-नाक-घसावाल्यांकडे दुर्बिणीने स्वरयंत्र बघून घ्या. नस नुसती दुखावली असेल तर आवाज बहुधा काही महिन्यांत परत येतो, सोबत स्पीच थेरपी लवकर सुरू केलेली बरी. भजनाला आईला जाऊ द्या हो, घरात बसून रडण्यापेक्षा ते बरं, फक्त सध्या वरच्या पट्टीत ताणून गायचं नाही. अन श्वास घेताना घर्रघर्र आवाज यायला लागला तर अपॉइंटमेंटची वाट न बघता सरळ इमर्जन्सीत न्या.