पॅलेट टिकवायची, दुरुस्त करायची आणि शेवटी भंगारात नीट घालवायची असेल तर

चाकणच्या ज्या सदस्यांनी विचारलंय की १२०० बाय १००० मिमीची पाइनची पॅलेट (माल ठेवून उचलायचा लाकडी तक्ता) दोन-तीन फेऱ्यांत खिळखिळी होतात, म्हणून फळी २२ वरून २५ मिमी करून जंगलवुड (मिळेल ते मिश्र लाकूड) लावू का, आणि परत आलेली पॅलेट सुताराकडून दुरुस्त करून पुन्हा एक्स्पोर्टला वापरली तर चालेल का, त्यांच्यासाठी हे लिहितोय. तुमच्या फोटोत कोपऱ्यातला ब्लॉक (वरच्या आणि तळाच्या फळ्यांमधला लाकडी ठोकळा) फिरलेला दिसतो आणि खिळ्यांची डोकी वर आलेली दिसतात. या दुखण्याने आमचेही बरेच पैसे खाल्लेत. 

फोटो पुन्हा बघा. फळी मोडलेली नाही, सांधा सुटलाय. जाडी वाढवून सांधा सुधारत नाही. खिळ्यांची डोकी वर येतात त्याचं कारण बहुतेक वेळा एकच असतं: ओलं लाकूड आणि साधा गुळगुळीत खिळा. लाकूड वाळताना आकसतं, खिळ्याभोवतीची पकड सैल होते आणि फोर्कच्या (उचलणाऱ्या गाडीच्या दात्यांच्या) पहिल्या दोन-चार धक्क्यांत फळी उचलली जाते. एचटी, म्हणजे हीट ट्रीटमेंटचा (किडी मारायला लाकूड तापवल्याचा) शिक्का आहे म्हणजे लाकूड वाळलेलं आहे, असं धरून चालू नका. हीट ट्रीटमेंटची अट आहे ती लाकडाच्या गाभ्यात सलग ३० मिनिटं ५६ अंश सेल्सियस तापमानाची. ती पूर्ण होऊनही लाकूड ओलंच राहू शकतं. वाळवणं हे वेगळं काम आहे आणि ऑर्डरवर ते वेगळं लिहावं लागतं: ओलावा २० टक्क्यांच्या खाली, डिलिव्हरीच्या वेळी, पिनच्या मीटरवर, ब्लॉकमध्येसुद्धा. मीटर नसेल तर वजनकाटा वापरा. खाली दिलेल्या मापाच्या पॅलेटमध्ये साधारण ०.०५२ घनमीटर, म्हणजे १.८५ घनफूट (सीएफटी) लाकूड जातं. वाळलेल्या पाइनमध्ये ती २६ किलोच्या आसपास भरली पाहिजे. ३५ भरली तर तुम्ही पाणी विकत घेताय, आणि पावसाळ्यात बंद कंटेनरमध्ये त्याच पाण्याची बुरशी होते.

आता मापं. वरच्या थरात १२०० लांबीच्या ७ फळ्या: तीन १४५ मिमी रुंद, चार १०० मिमी रुंद, मधली फट साधारण २७ मिमी. त्याखाली १००० बाय १४५ च्या तीन आडव्या फळ्या. मग ९ ब्लॉक, उंची ७८: कडेच्या दोन ओळींतले सहा १४५ बाय १००, मधल्या ओळीतले तीन १४५ बाय १४५. तळाला १२०० च्या तीन फळ्या, कडेच्या दोन १०० रुंद आणि मधली १४५. सगळ्या फळ्या २२ मिमी. एकूण भाग २२, पण प्रकार फक्त पाच. हा पाचचा आकडा दुरुस्तीसाठी फार महत्त्वाचा आहे. सुतार आपल्या सोयीने १३०, ११०, ९० अशा मिळतील त्या रुंदीच्या फळ्या ठोकतो तेव्हा पॅलेट स्वस्त पडते, पण सुटे भाग ठेवणं अशक्य होऊन बसतं.

ब्लॉकची उंची ७८ आणि तळाची फळी २२ मिळून फोर्कसाठी १०० मिमी जागा मिळते. हँड पॅलेट ट्रक खाली केल्यावर सहसा ८५ मिमी उंच असतो, म्हणजे खेळायला १५ मिमी उरतात. लाकूड वाचवायला कोणी ब्लॉक ७० चा केला की उरले ७. जरा खडबडीत जमीन आली की ट्रक वरच्या फळीला खालून घासणार आणि खिळे उपटणार. हा ट्रक १००० च्या बाजूने घातला तर त्याची चाकं तळाच्या फळ्यांच्या मधून जातात. १२०० च्या बाजूने घातला तर त्यांना फळ्या ओलांडाव्या लागतात, म्हणून तळाच्या फळ्यांच्या वरच्या कडा उतरत्या तासून घ्या. चारही कोपरे थोडे तिरके कापा. फोर्कलिफ्ट वळताना धार लागत नाही आणि स्ट्रेच फिल्मही फाटत नाही.

ब्लॉक का फिरतो? एक म्हणजे दोनच खिळे. तीन खिळे त्रिकोणात मारा, एका ओळीत नकोत, कारण लाकडाच्या एकाच रेषेवर (तंतूंच्या दिशेत) मारले की लाकूड तिथेच चिरतं. दुसरं कारण माझ्या मते जास्त गंभीर आहे आणि ते कोणी बघत नाही. उरलेल्या तुकड्यांतून ब्लॉक कापताना काही ब्लॉकची रेषा उभी येते. मग वरचा आणि खालचा दोन्ही खिळे लाकडाच्या टोकात, रेषेला समांतर घुसतात, आणि तिथे पकड फारच कमी असते. रेषा आडवीच हवी. भर मध्यभागाचा गाभा असलेला ब्लॉकही नको, वाळताना तो फुटतो. माल आला की दहा-वीस पॅलेटचे ब्लॉक कडेने बघत जा. वाढीची वर्तुळं वरच्या तोंडाला दिसायला नकोत, बाजूच्या तोंडाला दिसली पाहिजेत.

खिळे स्क्रू नेल (पिळदार) किंवा रिंग नेल (कडी-कडीचे) असेच घ्या. वरच्या १४५ च्या फळ्यांमधून आडव्या फळीतून ब्लॉकमध्ये ९० मिमी: २२ आणि २२ गेले की ब्लॉकमध्ये ४६ उरतात. नऊ ब्लॉक, प्रत्येकी ३, म्हणजे २७. तळाच्या फळीतून ब्लॉकमध्ये ७० मिमीचे २७, आत ४८ मिमी. मधल्या १०० च्या फळ्या आडव्या फळीला ४० मिमीने, प्रत्येक छेदावर दोन, तिरप्या जागी. टोक खाली बाहेर यायला नको. ९० च्या जागी ६५ चा खिळा मारून पॅलेट दिसायला तशीच दिसते, म्हणून एखादी पॅलेट फोडून खिळा मोजल्याशिवाय लॉट पास करू नका.

जाडीबद्दल. फळीचा ताठपणा जाडीच्या घनाने बदलतो. २२ ची २५ केली तर लाकूड १४ टक्के जास्त आणि ताठपणा साधारण ४७ टक्के जास्त. रॅकवर दोनच कडांवर ठेवणार असाल तर हा सौदा चांगला आहे. पण उलटा हिशेबही करा: सांगितली २२ आणि आली १८, तर ताठपणा जवळपास ४५ टक्क्यांनी गेला. आधी कॅलिपर लावा, मग जाडी वाढवायचं ठरवा. आणि जंगलवुड? माझं स्पष्ट मत, एक्स्पोर्टच्या पॅलेटला नको. मिश्र लाकूड असतं, एक फळी आंब्याची, शेजारची निलगिरीची. वाळण्याचा वेग वेगळा, खिळा धरण्याची ताकद वेगळी, आणि कठीण लाकडात भोक न पाडता खिळा मारला की टोक चिरतं. शिवाय २५ मिमीच्या जंगलवुडची हीच पॅलेट ४० किलोच्या वर जाते. कारखान्याच्या आतल्या आत फिरवायला मात्र ते चांगलं चालतं.

आता तुमचा दुसरा प्रश्न. सगळ्यात मोठं नुकसान इथे होतं.

लाकडी पॅकिंगचा आंतरराष्ट्रीय नियम, आयएसपीएम १५, दुरुस्तीबद्दल स्पष्ट आहे. साधारण एक तृतीयांशापर्यंत भाग बदलले तर ती दुरुस्त पॅलेट. तिला लावलेलं नवं लाकूड ट्रीट केलेलंच हवं आणि बदललेल्या प्रत्येक भागावर स्वतंत्र शिक्का हवा. प्लायवुडसारखा प्रक्रिया केलेल्या लाकडाचा भाग लावला तर त्याला ट्रीटमेंट लागत नाही. एक तृतीयांशाहून जास्त बदलले तर ती नव्याने बनवलेली धरली जाते: जुने सगळे शिक्के कायमचे घालवायचे, पूर्ण पॅलेट पुन्हा ट्रीट करायची आणि नवा शिक्का मारायचा. आपल्या २२ भागांत ही सीमा ७ वर येते. आधीच्या दुरुस्तीत बदललेले भागही यात धरावेत, असं माझं मत आहे.

गल्लीतल्या सुताराने दोन साध्या फळ्या ठोकल्या आणि जुना शिक्का तसाच राहिला, की ती पॅलेट कागदावर खरी आणि प्रत्यक्षात खोटी. आमचा ज्या ट्रीटमेंट केंद्राशी संबंध आला, तिथे विचारल्यावर उत्तर मिळायचं, "शिक्का एकदा बसला की बसला, बिनधास्त पाठवा." लेखी मागितलं की साहेब जागेवर नसत. मेलला उत्तर नाही, फोनवर तेच तोंडी "चालतं". पलीकडच्या बंदरात तपासणीत बिनशिक्क्याची, साल लागलेली फळी सापडली तेव्हा या केंद्राने हात वर केले: पॅलेट आम्ही दिली तेव्हा बरोबर होती, पुढे तुम्ही काय केलंत ते तुमचं. कंटेनर अडकला की जागाभाडं, उशिराचा दंड, माल दुसऱ्या पॅलेटवर हलवण्याचा खर्च, सगळं पाठवणाऱ्याच्या डोक्यावर येतं. त्या एका तोंडी सल्ल्याची किंमत अनेक नव्या पॅलेटपेक्षा जास्त होती. ज्यांचं कामच हा नियम सांगणं आहे त्यांनी एक ओळ लिहून देऊ नये, याचा मला आजही राग येतो. म्हणून सांगतो, दुरुस्तीबद्दलचं उत्तर लेखी नसेल तर ते नाही असं समजा.

सालीचंही लक्षात ठेवा. तुकडा ३ सेंमीपेक्षा कमी रुंद असेल तर लांबी कितीही चालते. त्याहून रुंद असेल तर त्या तुकड्याचं क्षेत्रफळ ५० चौरस सेंमीच्या आत हवं. मी तर म्हणेन, साल दिसली की तासून टाका, तपासनीसाबरोबर पट्टी घेऊन वाद घालण्यात अर्थ नाही.

या सगळ्यामुळे ड्रॉइंग काढतानाच दुरुस्ती ठरवावी लागते. शिक्का कोपऱ्याच्या ब्लॉकवर मारू देऊ नका, कारण सगळ्यात आधी तोच बदलावा लागतो. लांब बाजूंच्या मधल्या ब्लॉकवर, दोन्ही समोरासमोरच्या बाजूंना मारायला सांगा. लाल किंवा नारिंगी शाई नको, हाताने लिहिलेला तर अजिबात नको. नव्या पॅलेटच्या ऑर्डरबरोबरच त्याच मान्यताप्राप्त पुरवठादाराकडून सुटे भाग, ट्रीट करून आणि प्रत्येकावर शिक्का मारून घ्या. शंभर पॅलेटमागे कडेच्या १४५ च्या वीस-पंचवीस फळ्या, तळाच्या १०० च्या तितक्याच आणि कोपऱ्याचे तीसेक ब्लॉक, एवढ्यावर सुरुवात करा, मग तुमच्या तुटीप्रमाणे आकडा बदला. हे भाग शेडमध्ये, जमिनीपासून वर ठेवा. किल्नचा (लाकूड तापवायच्या भट्टीचा) तापमानाचा आलेख मागा आणि तपासा की सेन्सर सगळ्यात जाड ब्लॉकच्या गाभ्यात होता. २२ च्या फळीतला आलेख ७८ च्या ब्लॉकबद्दल काहीच सांगत नाही.

दुरुस्ती करताना फळी हातोड्याने खालून ठोकून काढू नका, शेजारची फळीही चिरते आणि ब्लॉकही सैल होतो. हातातल्या पुढे-मागे चालणाऱ्या करवतीला लांब बायमेटल पातं लावून फळी आणि ब्लॉकच्या मधून खिळेच कापा. ब्लॉकमध्ये उरलेले खिळ्यांचे तुकडे पंचने आत दाबा आणि नवे खिळे जुन्यांपासून १५ मिमी तरी सरकवून मारा. जुन्याच भोकात मारलेला खिळा धरत नाही. ब्लॉक एकदा दोन वेळा खिळला गेला की तिसऱ्यांदा तो ब्लॉकच बदला. सात भाग झाले की पॅलेट एक्स्पोर्टमधून काढा, शिक्के रंधून टाका आणि आतल्या वापराच्या थप्पीला लावा. दोन्ही थप्प्या वेगळ्या जागी हव्यात. घाईत कंटेनर भरणारी पोरं शिक्का बघत नाहीत, थप्पी बघतात.

शेवटी भंगारात जाताना काय, हेही आधीच ठरतं. गोंद, पॅलेटला चिकटवलेला फोम, पूर्ण रंगवलेल्या फळ्या टाळा. साधं लाकूड आणि साधे लोखंडी खिळे असतील तर तुकडे केल्यावर चुंबकाने खिळे वेगळे होतात आणि चुरा पार्टिकल बोर्डला किंवा बॉयलरला जातो. गंज नको म्हणून स्टेनलेसचे खिळे घालायचा सल्ला कोणी दिला तर नको म्हणा. पॅलेटसाठी मिळणारे बहुतेक स्टेनलेस खिळे चुंबकाला चिकटत नाहीत आणि श्रेडरच्या पुढे तसेच जातात. मिथाइल ब्रोमाइडचा (विषारी वायूची धुरी दिल्याचा) शिक्का असलेलं लाकूड मात्र जळणात टाकू नका, वेगळं ठेवा.

प्लॅस्टिकबद्दल कोणीतरी विचारेलच. ठरलेल्या दोन ठिकाणांमध्ये पॅलेट नक्की परत येत असेल तर चांगलंच, नाहीतर महाग. घेतलीच तर एकाच प्लॅस्टिकची, रनर (तळाच्या पट्ट्या) बदलता येणारी घ्या.

वरचं सगळं साधारण एक टनापर्यंतच्या, सपाट बसणाऱ्या मालाबद्दल आहे. जड यंत्राचे पाय चार बिंदूंवर बसत असतील किंवा रॅकची उंची मोठी असेल, तर लोड टेस्ट करून घ्या, माझ्या आकड्यांवर जाऊ नका. नियम देशागणिक थोडे वेगळे लावले जातात, म्हणून तुमच्या कस्टम एजंटला बंदराचं नाव सांगून विचारा आणि उत्तर मेलवर घ्या. परत आलेल्या लॉटमधल्या दोन पॅलेट आधी फोडून बघा: खिळ्याची लांबी, ब्लॉकची रेषा, फळीची जाडी, ओलावा. ते चार आकडे इथे टाका, मग जाडीचं बोलू.