फक्त जिल्हे हवेत, तालुके नकोत

प्रश्न: मी सध्या जावास्क्रिप्ट शिकतेय. पानावर जिल्ह्यांची यादी आहे, म्हणजे बाहेर एक यूएल (यादीचा टॅग), त्यात सातारा आणि कोल्हापूर असे दोन एलआय (यादीतल्या नोंदी), आणि दोन्हींच्या आत परत एकेक यूएल, साताऱ्यात वाई, कराड, पाटण आणि कोल्हापुरात कागल, पन्हाळा. मला बाहेरचे दोनच एलआय पाहिजेत. बाहेरचा यूएल 'यादी' नावाच्या व्हेरिएबलमध्ये घेतला आणि त्यावर क्वेरीसिलेक्टरऑल (दिलेल्या नमुन्याला जुळणारे सगळे घटक शोधणारी मेथड) चालवून 'एलआय' मागितले तर सातही आले. मग 'यूएल > एलआय' दिलं, तरी सातच! > म्हणजे थेट आतलं मूल ना? मग चुकतंय कुठे?

उत्तर: > चा अर्थ तुम्हाला बरोबर कळलाय, पण वाई हा एलआयसुद्धा कुठल्यातरी यूएलचं थेट मूलच आहे ना, आतल्या यूएलचं. तुम्ही कुठला यूएल ते सांगितलंच नाही, म्हणून ब्राउझरने सगळे दिले.

आता यातली खरी गंमत बघा, कारण ही गोष्ट बऱ्याच ट्युटोरियलमध्ये येतच नाही आणि मग माणूस तासन्‌तास अडकतो. त्याच 'यादी'वर 'यूएल यूएल > एलआय' चालवून बघा. यादीच्या आत यूएलची एकच पातळी आहे, एकात एक असे दोन यूएल तिथे नाहीतच, म्हणजे हाती शून्य यायला हवं असं आपल्याला वाटतं, पण येतात पाच, सगळे तालुके. याचं कारण असं की ब्राउझर सिलेक्टर (म्हणजे आपण दिलेला शोधाचा नमुना) जुळवताना अख्खं पान बघतो, त्यामुळे 'यादी' स्वतः किंवा तिच्या बाहेरचा एखादा डिव्ह (पानाचा एक भाग धरणारा टॅग) सुद्धा सिलेक्टरच्या डाव्या बाजूला जुळू शकतो, आणि शेवटी जे हाती लागतं ते यादीच्या आतलं आहे की नाही एवढंच तपासलं जातं.

यावर उपाय आहे स्कोप. सिलेक्टर ':स्कोप > एलआय' असा द्या (कोडमध्ये अर्थात इंग्रजी अक्षरांत), म्हणजे 'ज्याच्यावर मी ही मेथड चालवली त्याचीच थेट मुलं' असं होतं आणि बरोब्बर दोन एलआय मिळतात. नुसतं '> एलआय' लिहू नका, तो सिलेक्टर चालतच नाही, सिंटॅक्स एरर येते. आणि फक्त थेट मुलंच पाहिजे असतील तर यादीचं चिल्ड्रन घेतलंत तरी भागतं. चाइल्डनोड्स मात्र घेऊ नका, त्यात ओळींमधली मोकळी जागापण टेक्स्ट नोड म्हणून मोजली जाते.

ऑफिसात जेक्वेरी या जावास्क्रिप्ट लायब्ररीचा जुना कोड असेल तर तिथे हिशोब वेगळा निघेल बरं का. जेक्वेरी २००६ ची, ब्राउझरमध्ये क्वेरीसिलेक्टर आलं २००९ च्या सुमारास, आणि जेक्वेरीचं फाइंड (तिथली शोधायची मेथड) सिलेक्टर आतूनच मोजायला लागतं, म्हणून तिथे 'यूएल > एलआय' ला पाच मिळतात आणि 'यूएल यूएल > एलआय' ला शून्य. जेक्वेरी काढून साधी जावास्क्रिप्ट करताना नुसतं फाइंड खोडून क्वेरीसिलेक्टरऑल टाकलं की असे बग शिरतात, आणि एरर काहीच दिसत नाही, फक्त पान चुकीचं वागतं.

बाहेरच्या एलआयला 'जिल्हा' असा क्लास देऊन टाकावा असं कोणी सुचवेल, आणि एचटीएमएल तुमचंच असेल आणि दोनच पातळ्या असतील तर खुशाल द्या, वाचायलाही सोपं जातं. पण कमेंटखाली रिप्लाय, त्याखाली परत रिप्लाय अशी कितीही खोल जाणारी रचना असली की सगळ्यांचा क्लास एकच असतो, तिथे मला तरी स्कोपच भरवशाचा वाटतो.

प्रश्न: तालुक्यावर क्लिक केलं की त्याच्या जिल्ह्याचं नाव दाखवायचंय. वरच्या दिशेने कसं शोधायचं?

उत्तर: त्यासाठी क्लोजेस्ट, ही मेथड वर वर जात जुळणारा पहिला घटक देते. फक्त एक ध्यानात ठेवा, क्लोजेस्ट शोध स्वतःपासून सुरू करतं, त्यामुळे वाईच्या एलआयवर क्लोजेस्टने एलआय मागितलात तर वाईच परत मिळणार. आधी पॅरेंटएलिमेंटने एक पायरी वर आतल्या यूएलवर जा आणि तिथून क्लोजेस्ट 'एलआय' मागा, सातारा मिळेल.

पण लगेच त्याचं टेक्स्टकंटेंट (आतला सगळा मजकूर) छापू नका, कारण त्यात सातारा, वाई, कराड, पाटण सगळं एकत्र येतं. जिल्ह्याचं नाव एका स्पॅनमध्ये (मजकुराचा तुकडा धरणाऱ्या टॅगमध्ये) ठेवा आणि ':स्कोप > स्पॅन' ने तेवढंच उचला. आणि क्लिक लिसनर (क्लिक झालं की चालणारं फंक्शन) प्रत्येक एलआयवर न लावता एकदाच यादीवर लावा, इव्हेंटच्या टार्गेटवरून (ज्या घटकावर क्लिक झालं त्यावरून) क्लोजेस्टने एलआय काढता येतो, आणि नंतर कोडने सांगली किंवा अजून एखादा जिल्हा त्यात टाकलात तरी त्याच्या तालुक्यांवरचं क्लिक आपोआप पकडलं जाईल. फक्त क्लिक थेट जिल्ह्याच्या नावावर झालं तर वरती दुसरा एलआय नसतो आणि क्लोजेस्ट नल (म्हणजे काहीच नाही) देतं, तेवढा इफ टाकायला विसरू नका.