माउसचा डबल क्लिक आणि तेरा हजारांचा हप्ता

प्रश्न : मी 26 वर्षांचा आहे, नाशिकला एका सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टिंगचं काम करतो. हातात 31,000 पगार येतो. भाडं आणि मेस 10,500, गावी आईला 8,000, आरडी 3,000 (चौदा महिने झाले) आणि फोनचा हप्ता 1,850 (अजून पाच महिने). क्रेडिट कार्डावर 7,000 थकलेत, दर महिन्याला मिनिमम भरतो. रोज रात्री व्हॅलोरंट हा नेमबाजीचा ऑनलाइन गेम खेळतो, सुट्टीत स्पर्धांनाही जातो. 4,200 ला घेतलेल्या वायरच्या गेमिंग माउसला 28 महिने झाले. आता डावं बटण एकदा दाबलं की दोनदा लागतं. वॉरंटी चार महिन्यांपूर्वी संपली. 12,999 चा वायरलेस माउस नऊ महिन्यांच्या नो कॉस्ट ईएमआयवर मिळतोय. एम. जी. रोडवरचा एक दुरुस्तीवाला दोन्ही स्विच बदलायचे 450 सांगतो. मित्र म्हणतात, उघडलेला माउस टिकत नाही. गेल्या वर्षी स्पर्धांतून 6,000 मिळाले, म्हणून नवा माउस ही गुंतवणूकच आहे असं मला वाटतं. काय करू?

उत्तर : 450 रुपये द्या आणि माउस दुरुस्त करून घ्या. हप्त्यावर नवा घेऊ नका. आधी कार्डाचे 7,000 मिटवा. असं का म्हणतो ते सांगतो, कारण नुसतं "खर्च टाळा" म्हटलेलं तुम्हाला पटणार नाही आणि पटूही नये. जो माणूस आईला पैसे पाठवून, आरडी भरून मग खेळतो, त्याला खेळाबद्दल मी बोल लावणार नाही.

आधी बिघाड समजून घेऊ, कारण सगळा हिशेब त्याच्यावर उभा आहे. बटणाखाली नखाएवढी एक डबी असते, तिला मायक्रोस्विच म्हणतात. तिच्या आत तांब्याच्या मिश्रधातूची पातळ पट्टी असते. दाबलं की ती टक्कन खाली जाऊन संपर्क जोडते, सोडलं की वर येते. लाखो वेळा वाकून या पट्टीचा ताण सैल पडतो, संपर्काच्या टोकावर गंजाचा बारीक थर बसतो. हल्लीच्या माउसमध्ये या स्विचमधून जाणारा प्रवाह इतका कमी असतो की तो थर जळून जात नाही. संपर्क क्षणभर तुटतो, पुन्हा लागतो, आणि माउसला ते दोन क्लिक वाटतात. क्लिकनंतर काही मिलिसेकंद येणारे असे झटके माउसचं फर्मवेअर (आत बसवलेलं सॉफ्टवेअर) मुद्दाम दुर्लक्षित करतं, त्याला डिबाउन्स म्हणतात. गेमिंग माउसमध्ये क्लिक लवकर पोचावा म्हणून ही सूट कमी ठेवलेली असते. त्यामुळे जो स्विच ऑफिसच्या माउसमध्ये अजून वर्षभर निमूट चालला असता, तो तुमच्या हातात आजच उघडा पडतो.

म्हणजे तुमच्या माउसचा सेन्सर ठीक आहे, वायर ठीक आहे, चाक ठीक आहे. गेलाय तो एक छोटा भाग, आणि तो झिजणारच होता. ओमरॉन कंपनीच्या ज्या स्विचवर दोन कोटी क्लिकचं आयुष्य लिहिलेलं असतं, त्याचा हिशेब करून बघा. दिवसाला 20,000 क्लिक धरले तर 1,000 दिवस भरतात, पावणेतीन वर्षंही नाहीत. शिवाय तो आकडा कारखान्यातल्या चाचणीचा, घामेजल्या हातांचा आणि पावसाळी हवेचा नाही. तुमचे 28 महिने काही वाईट नाहीत.

दुकानात जाण्यापूर्वी दोन फुकटचे उपाय करा. माउस दुसऱ्या कॉम्प्युटरला लावून बघा, म्हणजे दोष विंडोजच्या सेटिंगचा नाही याची खात्री होईल. आणि कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये डिबाउन्सचा पर्याय असेल तर तो थोडा वाढवा. काही माउस एवढ्यानेच काही महिने पुढे ढकलले जातात. काँटॅक्ट क्लीनरचा फवारा मारूनही थोडे दिवस निघतात, पण त्यावर विसंबून स्पर्धेला जाऊ नका.

मित्रांचं म्हणणं निराधार नाही. माउसचे स्क्रू बहुधा तळाच्या टेफ्लॉनच्या पट्ट्यांखाली लपलेले असतात. पट्ट्या ओरबाडून काढल्या की नंतर माउस पॅडवर अडखळतो, आणि लोक म्हणतात, उघडल्यामुळे बिघडला. माझ्या भाच्याने स्वतःचा माउस असाच घाईने उघडला आणि आतली रिबन केबल तोडून ठेवली. त्या दिवशी त्याचा चेहरा बघवत नव्हता, पैसे तर गेलेच. म्हणून नव्या पट्ट्यांचा संच आधीच मागवून ठेवा आणि काम सोल्डरिंगचा हात असलेल्या माणसाकडूनच करून घ्या. स्विचला तीनच पाय असतात. जुनं सोल्डर पंपाने नीट ओढून घेतलं, बोर्डावरची तांब्याची चकती उचकटली नाही, की काम पक्कं होतं. कोणता स्विच बसवणार ते विचारा. कैल्ह कंपनीचे जीएम 8.0 किंवा टीटीसी कंपनीचे सोनेरी संपर्काचे, दोन्ही आठ कोटी क्लिकचे, चांगले आहेत. नाशिकला नाही मिळाले तर पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला चौकशी करा, नाहीतर ऑनलाइन मागवा. आणि डावा-उजवा एकदमच बदला. दोन्ही बटणांचा आवाज आणि दाब सारखा लागतो, माउसही एकदाच उघडावा लागतो.

आता पैसे. 4,200 भागिले 28 महिने, म्हणजे हा माउस तुम्हाला महिन्याला 150 रुपयांना पडला. दुरुस्तीनंतर तो दीड वर्ष चालला तर महिन्याला 25 रुपये. नवा 12,999 चा माउस त्याच 150 वर आणायचा तर तो सात वर्षांहून जास्त चालायला हवा. वायरलेस माउसमध्ये बॅटरी असते, तीही झिजणारच. सात वर्षांचा भरवसा मी देणार नाही.

"नो कॉस्ट" हा शब्द तर मला मनापासून खटकतो. बँक व्याज घेतेच, फक्त विक्रेता तेवढी सूट आधी देतो. समजा दर 16 टक्के आहे. मग नऊ महिन्यांचं व्याज साधारण 825 होतं. ते सुटलं तरी त्यावरचा 18 टक्के जीएसटी, म्हणजे 149 रुपये, तुमच्याच माथी. प्रोसेसिंग फी 199 धरली तर तिच्यावर जीएसटी लागून 235. झाले 384. "नो कॉस्ट"चा खर्च जवळजवळ दुरुस्तीइतका आहे! रोख घेणाऱ्याला मिळणारी सूट जाते ती वेगळीच. रिझर्व्ह बँकेने 2013 मध्येच बँकांना बजावलं होतं की शून्य टक्के व्याज अशी गोष्ट अस्तित्वात नसते.

मला खरी काळजी त्या 7,000 ची आहे. पत्राच्या मध्येच तुम्ही ते एका ओळीत उरकलंत, म्हणून इथे थांबतो. महिन्याला साडेतीन टक्के दर असेल तर व्याज 245, त्यावर जीएसटी, एकूण 289 रुपये. दर महिन्याला. दोन महिन्यांत माउसची दुरुस्ती होऊन वर पैसे उरतील इतकं तुम्ही बँकेला देताय, आणि मिनिमम भरून मूळ रक्कम जेमतेम हलते. शिवाय थकबाकी पुढे ओढत असताना कार्डावरच्या नव्या खरेदीला व्याजमुक्त दिवसही मिळत नाहीत. इकडे आरडीत 42,000 पडून आहेत, त्यावर वर्षाला सहा-सात टक्के. ती मोडा. मुदतीआधी मोडल्याने व्याज थोडं कमी मिळेल, मिळू दे. त्यातून कार्ड पूर्ण मिटवा, उरलेले 35,000 आणीबाणीसाठी वेगळ्या खात्यात ठेवा आणि पुढच्याच महिन्यापासून 3,000 ची नवी आरडी सुरू करा.

गुंतवणुकीचं म्हणालात. 6,000 मिळाले, छानच. पण त्यातून प्रवेश फी आणि प्रवास वजा करून किती उरले ते लिहून काढा. शिवाय ते 6,000 तुम्ही याच 4,200 च्या माउसने मिळवलेत. तेरा हजारांचा माउस तुमचा नेम किती सुधारेल, हे मित्राचा माउस दोन रात्री हातात घेऊन ताडून बघा. फरक खरोखर जाणवला तर तो हौसेचा खर्च म्हणून मान्य करा, हौसेला माझी ना नाही. तिच्यासाठी कर्ज काढायला मात्र आहे.

पाच महिन्यांनी फोनचा हप्ता संपेल. तेव्हा सुटणाऱ्या 1,850 पैकी 1,500 माउसच्या नावाने बाजूला टाका. नऊ महिन्यांत 13,500 जमतील. म्हणजे आजपासून चौदा महिने. दुरुस्त केलेल्या माउसला एवढीच मजल मारायची आहे, आणि चांगल्या स्विचवर ती तो सहज मारेल. त्या वेळी ऑप्टिकल स्विचचे माउस बघा. रेझरने ते 2019 च्या वायपरमध्ये आणले, लॉजिटेकने 2022 च्या जी 502 एक्समध्ये. त्यात क्लिकची नोंद प्रकाशाच्या किरणाने होते, त्यामुळे संपर्क गंजून होणारा डबल क्लिक तिथे उरत नाही. चाकाचा एन्कोडर (फिरणं मोजणारा भाग) आणि बॅटरी मात्र तिथेही झिजतात, म्हणून वॉरंटी किती वर्षांची आहे आणि बॅटरी बदलून मिळते का, हे विचारूनच घ्या. वॉरंटी असेपर्यंत तो उघडू नका, आणि बिलाचा फोटो शोधावा लागणार नाही अशा जागी ठेवा.

शनिवारी एम. जी. रोडला जाल तेव्हा लॅपटॉप सोबत न्या. माउस हातात आला की तिथेच, दुकानदारासमोर, दोन्ही बटणं शंभर-शंभर वेळा दाबून डबल क्लिकची चाचणी करा, आणि मगच 450 द्या.