प्रोसेसर बदलला, मग शिकलेलं वाया गेलं का?

जळगाव जिल्ह्यातून एका विद्यार्थिनीचं पत्र आलं आहे. डिप्लोमा करून ती डायरेक्ट सेकंड इयरला कॉम्प्युटर इंजिनीअरिंगला आली. ती लिहिते: "डिप्लोमाला आम्ही इंटेलच्या ८०८६ प्रोसेसरची असेंब्ली, म्हणजे चिपला थेट सूचना द्यायची भाषा, घासून घासून केली. आता पुण्यातला माझा आतेभाऊ म्हणतो, त्याच्या कंपनीने सगळ्यांना आर्म चिपचे मॅक दिले, इंटेलचे दिवस संपले, तू शिकलीस ते जुनं झालं, सरळ व्हीएलएसआयचा, म्हणजे चिपचं डिझाइन शिकवणारा, क्लास लाव. क्लासची फी दीड लाख आहे. बाबांनी लॅपटॉपसाठी साठ हजार वेगळे ठेवलेत. क्लास लावू का, लॅपटॉप कोणता घेऊ, आणि शिकलेलं खरंच वाया गेलं का?"

तुझा शेवटचा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, म्हणून आधी तोच घेते.

आतेभावाने पाहिलंय ते खरं आहे. २२ जून २०२० रोजी ॲपलने इंटेल सोडून आर्म या वेगळ्या सूचनासंचावर (चिपला कळणाऱ्या आज्ञांच्या यादीवर) आधारलेल्या स्वतःच्या चिपवर जायचं जाहीर केलं, नोव्हेंबरमध्ये एम१ चे पहिले मॅक आले आणि जून २०२३ मध्ये मॅक प्रो बदलला तेव्हा बदल पुरा झाला. पण त्यावरून त्याने काढलेला निष्कर्ष मला पटत नाही. ॲपलने घर बदललं ते काही पहिल्यांदा नाही. १९९४ मध्ये मोटोरोलाच्या ६८००० घराण्यातून पॉवरपीसीवर, २००६ मध्ये पॉवरपीसीवरून इंटेलवर, आणि आता आर्मवर. ज्याने एकाच चिपच्या सूचनांची नावं पाठ केली होती, तो तिन्ही वेळा अडला असता. सूचना आणि प्रोग्राम यांच्यामध्ये काय घडतं हे ज्याला समजलं होतं, त्याची तिन्ही वेळा गरज पडली.

हे मी धीर द्यायला म्हणत नाही, त्याला पुरावा आहे. २०१२ मध्ये मायक्रोसॉफ्टनेही आर्मवर उडी मारली होती. सरफेस आरटी नावाचा टॅबलेट आणि त्यावर विंडोज आरटी. चिप आर्मचीच, पण लोकांचे विंडोजवरचे जुने प्रोग्राम त्यावर चालतच नव्हते. पुढच्याच वर्षी पडून राहिलेल्या मालापायी मायक्रोसॉफ्टला ९० कोटी डॉलरचा तोटा हिशेबात दाखवावा लागला. २०२० मध्ये ॲपलच्या गिऱ्हाइकाने नवा मॅक उघडला, जुना इंटेलचा प्रोग्राम टाकला, आणि तो चालला. मधे रोझेटा २ नावाचा अनुवादक होता. इंटेलच्या सूचना घेऊन तो त्यांच्या आर्मच्या सूचना करतो, बहुतेक काम प्रोग्राम पहिल्यांदा सुरू होण्याआधीच उरकून घेतो. एम१ ही उत्तम चिप आहे, वीज कमी खाते, तापत नाही, हे सगळं मान्य. पण माझं ठाम मत आहे की लोक तिच्याकडे बिनधास्त वळले ते त्या अनुवादकामुळे आणि कंपायलरवर, म्हणजे प्रोग्रामच्या चिपला कळणाऱ्या सूचना करणाऱ्या साधनावर, काम करणाऱ्या माणसांमुळे.

आता तुझ्या ८०८६ कडे येऊ. तुला व्हायवात ऑक्झिलरी कॅरी फ्लॅग नक्की विचारला असेल. फ्लॅग म्हणजे हिशेबाचा निकाल कसा लागला हे सांगणारी प्रोसेसरमधली एका बिटाची खूण. खालच्या चार बिटांतून हातचा पुढे गेला की तो उठतो, आणि दशमान बेरीज दुरुस्त करायला लागतो. १९७८ च्या ८०८६ मधला तो फ्लॅग आजच्या इंटेल आणि एएमडीच्या प्रोसेसरमध्येही आहे. पॅरिटी फ्लॅगही आहे. तुझं एएक्स रजिस्टर (प्रोसेसरमधली आकडा ठेवायची जागा) आधी ३२ बिटांचं ईएएक्स झालं, मग ६४ बिटांचं आरएएक्स. आर्मकडे मात्र चारच फ्लॅग: निगेटिव्ह, झीरो, कॅरी, ओव्हरफ्लो. म्हणजे इंटेलचा प्रोग्राम आर्मवर चालवणाऱ्याला ऑक्झिलरी आणि पॅरिटी यांची वेगळी सोय लावावी लागते, नाहीतर एखादा जुना प्रोग्राम कुठेतरी चुकीचं उत्तर देतो. आपल्याकडे पोरं ज्या प्रश्नाला 'हे आता कोण वापरतं' म्हणतात, तो प्रश्न अनुवादक लिहिणाऱ्याच्या टेबलावर रोज असतो.

आणखी एक गोष्ट सविस्तर सांगते, कारण ती समजली तर तू वर्गातल्या बहुतेकांच्या पुढे जाशील. दोन थ्रेड, म्हणजे एकाच प्रोग्रामचे एकाच वेळी चालणारे दोन भाग, आहेत असं समज. पहिला आधी माहिती लिहितो आणि मग 'तयार' असा व्हेरिएबल १ करतो. दुसरा थ्रेड 'तयार' १ झालेला दिसेपर्यंत थांबतो आणि मग माहिती वाचतो. इंटेलच्या घराण्यात चिपमधल्या एका कोअरने (स्वतंत्रपणे काम करणाऱ्या भागाने) ज्या क्रमाने लिहिलं, त्याच क्रमाने ते दुसऱ्या कोअरला दिसतं. आर्मवर अशी हमी नाही. 'तयार' आधी दिसू शकतो, आणि दुसरा थ्रेड जुनीच माहिती उचलतो. मुळात हा प्रोग्राम सी भाषेच्या नियमांनी पहिल्यापासून चुकीचाच होता, पण इंटेलच्या कडक शिस्तीने ती चूक वर्षानुवर्षं झाकून ठेवली. आर्मवर आणला की तो कधीतरीच कोसळतो, आणि डीबगर लावला की नेमका नीट वागतो. ॲपलला हे ठाऊक होतं. म्हणून त्यांनी एम१ मध्येच अशी सोय ठेवली की अनुवादित प्रोग्राम चालू असताना मेमरीचा क्रम इंटेलसारखा पाळला जावा. पण तोच प्रोग्राम कंपनीने पुढे थेट आर्मसाठी कंपाइल केला की ती सोय सुटते आणि जुनी चूक वर येते. ऑपरेटिंग सिस्टिममध्ये म्युटेक्स आणि सिंक्रोनायझेशनचा (थ्रेडनी एकमेकांसाठी थांबायच्या शिस्तीचा) जो भाग येतो ना, तो याच्याचसाठी. तो ऑप्शनला टाकू नकोस.

नोकरीचं मात्र स्पष्ट सांगते. 'पोर्टिंग इंजिनीअर' (प्रोग्राम एका चिपवरून दुसरीवर नेणारा) अशा पाटीच्या जागा फ्रेशरला फार मिळत नाहीत. कॅम्पसला येणाऱ्या कंपन्यांमधलं बरंचसं काम जावा, पायथन आणि वेबचं असतं, तिथे खाली कुठली चिप आहे हे सहसा कळतसुद्धा नाही. कळतं ते अडल्यावर. पायथनची एखादी लायब्ररी आत सी मध्ये लिहिलेली असते आणि आर्मसाठी तयार मिळत नाही. डेव्हलपरने मॅकवर बनवलेली डॉकर इमेज (प्रोग्राम आणि त्याला लागणारं सगळं एकत्र बांधलेलं गाठोडं) इंटेलच्या सर्व्हरवर सुरूच होत नाही. सर्व्हरच्या बाजूलाही हाच बदल चालू आहे, ॲमेझॉनने २०१८ पासून आपल्या क्लाउडमध्ये ग्रॅव्हिटॉन नावाच्या स्वतःच्या आर्म चिप ठेवल्या आहेत. अशा वेळी टीममध्ये ज्याला उलगडा करता येतो, त्याच्याकडे पुढची अवघड कामं जातात. त्यापुढे कंपायलर, फर्मवेअर, ड्रायव्हर, कर्नल ही क्षेत्रं आहेत. तिथे माणसं कमी लागतात, पण जाणकार माणसं मिळतही नाहीत.

क्लास आत्ता लावू नकोस. दीड लाख ही तुमच्या घरासाठी लहान रक्कम नाही, आणि सेकंड इयरला तुला ते काम आवडतं की नाही हेच अजून माहीत नाही. 'शंभर टक्के प्लेसमेंट' म्हणणाऱ्याकडून ते लेखी घेता येतं का, एवढं बाबांना विचारायला सांग. आवड तपासायचा फुकट मार्ग आहे. रिस्क-फाइव्ह नावाचा खुला सूचनासंच २०१० मध्ये बर्कलेला सुरू झाला. तो वापरायला परवाना लागत नाही. आयआयटी मद्रासचा शक्ती आणि सी-डॅकचा वेगा हे आपल्याकडचे प्रोसेसर त्याच्यावरच बनले आहेत. त्याच्या ३२ बिटांच्या मूळ संचात फक्त चाळीस सूचना आहेत. एनपीटीईएलवर (आयआयटींच्या फुकट ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या साइटवर) डिजिटल सर्किट आणि कॉम्प्युटर आर्किटेक्चरचे अभ्यासक्रम बघ, इकारस व्हेरिलॉग हे चिपचं डिझाइन लिहून तपासायचं सॉफ्टवेअर उतरवून घे, आणि सुट्टीत त्यातल्या दहा-बारा सूचना चालवणारा एक छोटा प्रोसेसर लिही. वेव्हफॉर्ममध्ये (सिग्नलच्या आलेखात) चूक शोधताना तुला जेवायची आठवण राहिली नाही, तर हे क्षेत्र तुझं. मग पदवीनंतर सी-कॅट ही प्रवेश परीक्षा देऊन सी-डॅकचा व्हीएलएसआयचा पीजी डिप्लोमा आहे, किंवा गेट देऊन एमटेक. गेटच्या कॉम्प्युटर पेपरला कॉम्प्युटर ऑर्गनायझेशन आहेच, म्हणजे तीही तयारी होते. कंटाळा आला, तरी दीड लाख वाचले.

लॅपटॉप इंटेल किंवा एएमडीचा घे. १६ जीबी रॅम आणि एसएसडी यावर तडजोड करू नकोस, बाकी दिखाव्यावर कर. आर्मची मी एवढी बाजू घेतल्यावर हे विचित्र वाटेल, पण कारण साधं आहे. कॉलेजच्या लॅबमधली सॉफ्टवेअरं इंटेल-एएमडीवरच्या विंडोज किंवा लिनक्सला धरून असतात. व्हिवाडोसारखं एफपीजीएचं (हवं तसं सर्किट भरता येणाऱ्या चिपचं) सॉफ्टवेअर मॅकवर बसत नाही. २०२४ पासून स्नॅपड्रॅगन एक्सचे विंडोज लॅपटॉप आलेत, त्यांच्यात प्रिझम नावाचा चांगला अनुवादक आहे. पण ड्रायव्हर अनुवादाने चालत नाहीत, आणि लॅबमधल्या जुन्या किटचा ड्रायव्हर आर्मसाठी कोणी लिहिलेला नसला तर तू ऐन सबमिशनच्या आठवड्यात अडकशील. मॅकसाठी कर्ज तर मुळीच काढू नका.

आर्मवर हात बसवायला वेगळा खर्च लागत नाही. तुझ्याकडे अँड्रॉइड फोन असेल तर जवळपास नक्कीच तो आर्मचाच आहे. त्यावर टर्मक्स हे लिनक्ससारखं टर्मिनल देणारं ॲप टाक, त्यात क्लँग कंपायलर बसव, आणि तुझे सी चे प्रोग्राम फोनवरच चालव. लॅपटॉपवर लिनक्समध्ये क्यूईएमयू (दुसऱ्या चिपची नक्कल करणारं सॉफ्टवेअर) टाकलंस तर तिथेही आर्म मिळेल.

या सत्रात मी सांगते तेवढं कर. कंपायलर एक्सप्लोरर ही साइट उघड, ती कोडची असेंब्ली दाखवते. ॲरेची बेरीज करणारं पाच ओळींचं फंक्शन टाक, आणि एका बाजूला एक्स८६-६४ (इंटेल-एएमडीचा सूचनासंच), दुसऱ्या बाजूला आर्म६४ लाव. इंटेलच्या बाजूला एकाच सूचनेत मेमरीतून आकडा आणून मिळवलेला दिसेल, आर्मवर आधी रजिस्टरमध्ये आणणं वेगळं आणि मिळवणं वेगळं. ऑप्टिमायझेशन वाढवत जा आणि प्रत्येक ओळ का बदलली ते वहीत मराठीतच लिही, समजलं नाही तिथे खूण कर. मग वर सांगितलेला 'तयार'चा प्रोग्राम लिहून लॅपटॉपवर आणि फोनवर लाखो वेळा फिरव. फोनवर चूक लगेच सापडेलच असं नाही, सापडेपर्यंत मांडणी बदलत राहा. सापडली की सी११ चे ॲटॉमिक (लिहिण्या-वाचण्याच्या क्रमाची हमी देणारे व्हेरिएबल) वापरून ती दुरुस्त कर. दोन्ही प्रोग्राम, दोन्हीकडची असेंब्ली आणि तुझं स्पष्टीकरण गिटहबवर ठेव, आणि तो दुवा बायोडेटात प्रमाणपत्रांच्या यादीच्या वर टाक. वहीत खुणा केलेल्या जागा मला पाठव, त्यांची उत्तरं मी पुढच्या पत्रात देईन.