गांधीलमाशीसारखा दिसणारा काळा-केशरी पतंग डंख मारतो का?

नाही मारत. मारूच शकत नाही, त्यामुळे प्लीज स्प्रे मारू नका.

तुम्ही लिहिलंय की बाल्कनीतल्या गारवेलीवर दिवसाढवळ्या काळा-केशरी कीटक येतो, अंगावर चमकदार निळे ठिपके आहेत आणि घरचे गांधीलमाशी समजून घाबरलेत. वर्णनावरून मला तरी हा यूक्रोमिया पॉलिमेना वाटतोय, म्हणजे चक्क पतंग. याचे सुरवंट गारवेलीच्या कुळातल्या वेलींची पानं खातात, त्यामुळे अंडी घालायला आलेली मादीही असू शकेल.

गांधीलमाशीची नांगी म्हणजे मुळात अंडी घालायची नळीच, ती बदलत बदलत शस्त्र झालीय, पतंगांमध्ये तसं काही झालेलंच नाही. खात्री करायची तर जवळून तोंड बघा, गांधीलमाशीला जबडे असतात आणि याला घड्याळाच्या स्प्रिंगसारखी गुंडाळलेली सोंड.

आता हा वेश कशासाठी, तर ज्या पक्ष्याने एकदा गांधीलमाशीचा डंख खाल्लाय तो पुन्हा तसल्या पट्ट्यापट्ट्यांच्या किड्याच्या वाटेला जात नाही. निरुपद्रवी जीव अशी नक्कल करून वाचतात हे हेन्री बेट्स या इंग्रज निसर्ग-अभ्यासकाने अ‍ॅमेझॉनच्या जंगलातली फुलपाखरं बघून 1862 मध्ये मांडलं. पण मला या पतंगांना नुसतं नकलाकार म्हणणं पटत नाही, कारण यांच्यातले बरेच स्वतःही कडू, विषारी असतात.

माझं सगळ्यात आवडतं उदाहरण फ्लोरिडातलं आहे, कॉस्मोसोमा मायरोडोरा नावाचा पतंग, लालभडक अंग आणि काचेसारखे पारदर्शक पंख. त्याच्या सुरवंटाला खाण्यातून विष मिळत नाही, नर मोठा झाल्यावर एका विशिष्ट झाडावर जाऊन पायरोलिझिडिन अल्कलॉइड नावाचं विष सोंडेने शोषून घेतो, आणि पोटाखालच्या पिशवीत बारीक कापसासारखे तंतू असतात त्यातही ते साठवतो. मग मीलनाच्या आधी तो हे तंतू मादीवर चक्क उधळतो! त्या रात्री मादी कोळ्याच्या जाळ्यात अडकली तरी कोळी तिला खात नाही, स्वतःच धागे तोडून सोडून देतो. शिवाय मीलनातून मादीला मिळालेलं विष पुढे अंड्यांतही जातं. हे संशोधन 2000 साली प्रसिद्ध झालं, पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी दोन दिवस भेटेल त्याला हेच सांगत होतो.

याच गटातली रसायनं आपल्याकडच्या भुरुंडीत आणि खुळखुळ्यात असतात, ब्लू टायगर फुलपाखरांची झुंबड उडते ती त्यासाठीच, आणि यूक्रोमियाचे काही भाऊबंदही अशा झाडांकडे ओढले जातात. त्यामुळे परसात भुरुंडी उगवली तर तण म्हणून लगेच उपटू नका.

आमच्या कोकणात पावसाळ्यात यूक्रोमियाचा चुलतभाऊ अमाटा खूप दिसतो, काळे पंख, त्यात पारदर्शक खिडक्या आणि पोटावर पिवळे पट्टे. जोडी शेपटाला शेपूट जुळवून कुंपणावर तासन्‌तास बसलेली असते, अगदी उघड्यावर, लपायची गरजच वाटत नाही त्यांना.

तुमच्या वेलीच्या पानांना भोकं पडतील थोडी, पडू दे, गारवेल पुन्हा भराभर फुटते. पानांच्या खालच्या बाजूला अंडी दिसतायत का ते मात्र बघत राहा.