माहितीपट पाहताना

प्रश्न : माहितीपट आवडीने पाहतो, पण आठवड्याभरात सगळं विसरतो. पाहण्याची काही पद्धत आहे का?

उत्तर : आहे. आठवड्याला एकच पाहा, आणि पाहण्याआधी नकाशावर ती जागा शोधा. उदाहरणार्थ ‘हनीलँड’ (२०१९). उत्तर मॅसिडोनियातली मधपाळ हातिजे अर्धा मध मधमाश्यांसाठी ठेवते. शेजारी मात्र पोळी पार रिकामी करतो, आणि मग उपाशी माश्या हातिजेच्या पोळ्यांवर तुटून पडतात. तीन वर्षांत ४०० तासांहून जास्त चित्रण झालं; पडद्यावर आले जेमतेम दीड तास. म्हणजे तुम्ही जे पाहता ते निवडलेलं असतं. काय गाळलं असेल, हा प्रश्न वहीत लिहाच.

फसगत इथेच होते. ‘नानूक ऑफ द नॉर्थ’मध्ये (१९२२) इन्युइट, म्हणजे आर्क्टिक प्रदेशातले मूळ रहिवासी, भाल्याने शिकार करताना दिसतात; प्रत्यक्षात तेव्हा त्यांच्याकडे बंदुका होत्या. आतल्या चित्रणाला उजेड मिळावा म्हणून इग्लूही अर्धाच बांधला होता! तरी तो पाहाच, फक्त शंका घेत.

पार्श्वसंगीत फार हेलावत असेल तर तो प्रसंग आवाज बंद करून पुन्हा पाहा. आणि त्याच विषयावर तिथल्याच माणसाने केलेला माहितीपट मिळाला तर तो आधी पाहा. वेगाने चालवून मात्र पाहू नका, शांत जागांतच बरंच काही असतं.